नवा बजेट फोन घ्यावा की जुना फ्लॅगशिप? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की हातात ठरावीक पैसे आहेत, तेवढ्यात आत्ताच बाजारात आलेला बजेट फोन घ्यावा का दोन-चार वर्षांपूर्वीचा, तेव्हाचा सगळ्यात महागडा (म्हणजेच फ्लॅगशिप), आता वापरलेला स्वस्तात मिळणारा फोन घ्यावा. म्हणून ते सगळे एकत्रच घेतलेत. पण एकाचं उत्तर वाचून दुसऱ्याने लगेच फोन घेऊ नका, माणूस बदलला की उत्तर बदलतं.

प्रश्न: माझा फोन आता बदलायलाच झालाय. एकीकडे नवाकोरा ५जी बजेट फोन आहे, ५० मेगापिक्सेल कॅमेरा, ५००० एमएएच बॅटरी, १२० हर्ट्झ स्क्रीन, ८ जीबी रॅम. दुसरीकडे तेवढ्याच पैशात गॅलेक्सी एस२१ मिळतोय, वापरलेला आहे पण एक ओरखडा नाही. कागदावर तर नवाच भारी वाटतोय, मग मित्र सगळे जुनाच घे जुनाच घे का म्हणतायत? मी गेम खेळतो, फोटो काढतो आणि फोन किमान तीन वर्षं तरी चालायला हवा. (कॉलेजमधला एक वाचक)

उत्तर: तुझे मित्र निम्मे बरोबर आहेत. कागदावर नवा फोन भारी दिसतो कारण कागदावर छापतात ते बहुतेक स्वस्तात वाढवता येणारे आकडे असतात, मेगापिक्सेल, एमएएच, हर्ट्झ, रॅम. जे खरं महाग असतं ते बॉक्सवर मोठ्या अक्षरात नसतंच, म्हणजे चिपमधले कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) कुठल्या पिढीचे, स्टोरेज कुठल्या प्रकारचं, कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा, स्क्रीन भर उन्हात दिसते का.

चिपचंच घे. २०२४ मध्ये आलेली डायमेन्सिटी ६३०० ही बजेट ५जी फोनांत भरपूर दिसणारी चिप आहे. तिच्यात दोन मोठे कोअर कॉर्टेक्स-ए७६ आणि सहा छोटे ए५५. आता हे ए७६ डिझाइन आर्म कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलेलं, आणि २०१९ च्या फ्लॅगशिप फोनांमधल्या स्नॅपड्रॅगन ८५५ मध्ये याच ए७६ वर बेतलेले कोअर होते, तेही दोन नाही, चार. म्हणजे फोन नवा पण त्याचे कोअर जुन्या फ्लॅगशिपचेच, आणि ते पण निम्मे. एस२१ त्याच्याही पुढचा, त्यात देशाप्रमाणे स्नॅपड्रॅगन ८८८ किंवा एक्झिनॉस २१०० येते आणि दोन्हीत एक एक्स१ कोअर, तीन ए७८ आणि चार ए५५. गेमसाठी तर प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्सचा भाग जास्त महत्त्वाचा आणि तिथे बजेट चिप फारच मागे पडते, सेटिंग कमीत कमी ठेवून गेम चालेल पण मजा येणार नाही.

दुसरं म्हणजे स्टोरेज, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. बऱ्याच स्वस्त फोनांत अजून ईएमएमसी ५.१ (जुन्या, संथ प्रकारचं स्टोरेज) किंवा यूएफएस २.२ (त्यापेक्षा वेगवान प्रकार) असतं. ईएमएमसी ५.१ ची वरची मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी, तर एस२१ मधलं यूएफएस ३.१ वाचताना २००० एमबीच्या आसपास जातं. याचा परिणाम पहिल्या महिन्यात जाणवत नाही, फोन भरत आला, मागे अपडेट चालू आहे आणि तू कॅमेरा उघडायला गेलास की मग कळतं. नवा फोन सहा महिन्यांत हँग व्हायला लागला असं लोक म्हणतात ना, त्यात बऱ्याचदा या स्टोरेजचा हात असतो. मी तर बजेट फोन बघताना रॅमच्या आधी हे बघायला सांगेन, आणि ईएमएमसी दिसलं तर तो फोन सरळ बाजूला ठेव.

स्क्रीनचं पण तसंच, बऱ्याच बजेट फोनांत १२० हर्ट्झ असतं पण रेझोल्यूशन फक्त ७२० पिक्सेलचं एचडी प्लस, आणि अक्षरांच्या कडा जवळून बघितल्या की लक्षात येतं. एस२१ ला फुल एचडी प्लसची अमोलेड स्क्रीन आहे, आयपी६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचं मानांकन) आहे, स्टिरिओ स्पीकर आहेत. इथपर्यंत मित्र बरोबर.

आता उरलेलं निम्मं. तुला फोन तीन वर्षं चालवायचाय आणि एस२१ आला जानेवारी २०२१ मध्ये, अँड्रॉइड ११ घेऊन. सॅमसंगने त्याला चार मोठे अपडेट द्यायचं कबूल केलं होतं ते अँड्रॉइड १५ ला पूर्ण झाले, आणि सिक्युरिटी अपडेटची पाच वर्षं मोजली तर २०२६ मध्ये संपतात. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तू विकत घेतल्यापासून नाही, आणि वापरलेला फोन घेणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. त्यात बॅटरी मुळातच ४००० एमएएच, इतकी वर्षं वापरून ती अजून कमी झालेली, आणि ८८८ ही चिप तापण्याबद्दल आधीपासूनच प्रसिद्ध, म्हणजे तुझा गेम पंधरा मिनिटं मस्त आणि मग फोन स्वतःच वेग कमी करणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एस२१ नको. पण त्याचा अर्थ बजेट फोनच घे असाही नाही. थोडं थांबता आलं तर एस२३ बघ. तो फेब्रुवारी २०२३ चा, त्यात स्नॅपड्रॅगन ८ जेन २, जी तैवानच्या टीएसएमसीकडे बनते आणि ८८८ पेक्षा खूपच थंड राहते, आणि सिक्युरिटी अपडेट २०२८ पर्यंत. मधला एस२२ मुद्दाम सोडतोय, त्यातली ८ जेन १ पण तापते. गूगलचा पिक्सेल ८ मिळाला तर अजून बरं, ऑक्टोबर २०२३ चा फोन आणि गूगलने अपडेटची सात वर्षं कबूल केलेली, म्हणजे २०३०. मात्र गेमच मुख्य असेल तर पिक्सेलची टेन्सर चिप त्यात एस२३ ची बरोबरी करत नाही, मग एस२३ च. आणि यातलं काहीच पैशात बसत नसेल तर बजेट फोन घे, यूएफएस स्टोरेजवाला, आणि जड गेम त्यावर चालवायचं डोक्यातून काढून टाक.

प्रश्न: आईसाठी फोन हवाय. तिला व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओ कॉल, बँकेचं अ‍ॅप आणि गाणी एवढंच लागतं. दादा म्हणतो माझा आयफोन ११ पडून आहे तो देऊन टाकू, वर काही खर्च पण नाही. आई आत्तापर्यंत अँड्रॉइडच वापरत आलीय. काय करावं?

उत्तर: आयफोन ११ फोन म्हणून अजून चांगला आहे. २०१९ चा असूनही आयओएस २६ त्याच्यावर चालतं, त्याच्या आदल्या वर्षीचे एक्सएस आणि एक्सआर मात्र त्यातून वगळले गेले. यावरून पुढचा नंबर कोणाचा असू शकतो याचा अंदाज येतो, म्हणजे हा फोन आता मुदतीच्या शेवटच्या टोकाला आहे असं धरून चाला. ५जी नाही, पण आईच्या वापराला ४जी पुरतं, त्याची काळजी नको.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आईने इतकी वर्षं अँड्रॉइड वापरलंय, तिच्या बोटांना मागे जायचं बटण कुठे आहे ते पाठ झालंय, फोटो कुठे सापडतात, नंबर कसा सेव्ह करायचा हे सगळं तिचं स्वतःचं झालंय. फोन फुकट मिळतोय म्हणून ते सगळं तिला विसरून पहिल्यापासून शिकायला लावायचं, आणि मग प्रत्येक गोष्टीला तुम्हाला हाक मारावी लागली की तिलाच वाईट वाटणार. हे कुठल्या तुलनेच्या तक्त्यात येत नाही पण घरातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरात रोज तिच्या जवळ असणारं माणूस आयफोन वापरत असेल आणि तिला हौस असेल तर द्या, तिलाच विचारा. नाहीतर नवा बजेट अँड्रॉइड घ्या.

आणि बजेटमध्ये आईसाठी निवडताना कॅमेरा बघू नका, अपडेटची वर्षं बघा, कारण बँकेचं अ‍ॅप आहे. गॅलेक्सी ए१६ ५जी, २०२४ मध्ये आलेला, त्याला सॅमसंगने सहा वर्षांचे अपडेट कबूल केलेत, स्वस्त फोनात इतकी वर्षं पूर्वी कोणी देत नव्हतं. मेमरी कार्ड पण बसतं, गाणी आणि नातवंडांचे व्हिडिओ त्यात टाकता येतील. फक्त ४ जीबी रॅमवाला घेऊ नका, सहा किंवा आठवाला घ्या, थोडे जास्त गेले तरी.

प्रश्न: जाहिरातीत १६ जीबी रॅम लिहिलंय, खाली बारीक अक्षरात ८+८. माझ्या मैत्रिणीच्या जुन्या फ्लॅगशिपला फक्त ८ आहे. मग माझा नवा फोन दुप्पट नाही का?

उत्तर: नाही. खरी रॅम ८ च आहे, वरचे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. रॅम भरली की मागे पडलेली अ‍ॅप स्टोरेजवर नेऊन ठेवतात आणि लागली की परत आणतात, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने खूप संथ, बजेट फोनात तर आणखीनच. थोडी मदत होते पण दुप्पट वगैरे काही नाही, उलट स्टोरेज भरत आलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करून बघा, काही फोनांना त्याने बरंच वाटतं. मैत्रिणीच्या फोनातली ८ जीबी बहुधा एलपीडीडीआर५ (रॅमची नवी, वेगवान पिढी) असेल, तुमची आधीच्या पिढीची एलपीडीडीआर४एक्स, म्हणजे तिथेही तिचाच फोन पुढे.

प्रश्न: मला मुलीचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे असतात, ती एक सेकंद शांत बसत नाही. १०८ मेगापिक्सेलचा नवा फोन घेऊ का १२ मेगापिक्सेलचा आयफोन १३? नऊपट फरक आहे, तरी नवरा म्हणतो आयफोन घे.

उत्तर: नवऱ्याचं ऐका. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीचा फोटो काढतानाच नऊ पिक्सेल मिळून एक करतो आणि तुमच्या हातात १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० वाला चाराचा एक करतो. असं का करावं लागतं, तर एकेक पिक्सेल इतका बारीक असतो की त्यात पुरेसा उजेडच शिरत नाही. बजेट फोनांत खूप वापरला जाणारा सॅमसंगचा जेएन१ सेन्सर घ्या, ५० मेगापिक्सेलचा, त्याचा एक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चार एकत्र केले तर १.२८. आयफोन १३ चा एकच पिक्सेल १.७ मायक्रॉनचा. उजेड जास्त आला म्हणजे कॅमेऱ्याला शटर कमी वेळ उघडं ठेवून चालतं, आणि धावणारं मूल स्पष्ट येतं ते त्यामुळेच. संध्याकाळी घरातल्या दिव्यात बजेट फोनात मुलीचा हात नेहमी पुसट येतो त्याचं कारण हेच आहे, मेगापिक्सेल कितीही असू देत.

शिवाय आयफोन १३ मध्ये हात हलला तर सेन्सर स्वतः हलून सांभाळून घेतो, बजेट फोनांत ही सोय बऱ्याचदा नसतेच. व्हिडिओत तर अंतर फारच मोठं, इकडे ४के, सेकंदाला ६० फ्रेम, तिकडे पुष्कळदा १०८० पिक्सेल आणि ३० फ्रेम, वर चालता चालता काढलेला व्हिडिओ हलतो तो वेगळाच. आणि मागे तीन-चार कॅमेरे दिसतात त्याला भुलू नका, त्यातले २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ हे संख्या वाढवायला लावलेले असतात, त्यापेक्षा एक चांगला वाइड अँगल दिला असता तर बरं झालं असतं असं मला प्रत्येक वेळी वाटतं. ही वर्षं परत येत नाहीत, फोटोसाठी फोन घेताय तर कॅमेऱ्यावरच पैसे घाला.

फक्त आयफोन १३ चा सगळ्यात लहान मॉडेल १२८ जीबीचा असतो आणि त्यात मेमरी कार्ड बसत नाही, ४के व्हिडिओ काढायला लागलात की तो भराभर भरतो. २५६ चा मिळत असेल तर तोच शोधा.

प्रश्न: वापरलेला आयफोन बघतोय, बॅटरी हेल्थ ८३ टक्के दाखवते. विकणारा म्हणतो एकदम मस्त आहे. घ्यावा का?

उत्तर: घ्या, पण बॅटरी बदलायचा खर्च आधीच किमतीत मिळवून बघा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. अ‍ॅपल स्वतःच सांगतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर राहील अशी बनवलेली असते, १५ पासून पुढे ती संख्या १००० आहे. ८३ म्हणजे तुम्ही घेतल्यावर वर्षभरात ८० च्या खाली जायची शक्यता बरीच. बदलल्यावर फोन खरंच नव्यासारखा चालतो, म्हणून मी तर म्हणेन की ८३ प्रामाणिक असेल तर चांगलं, आणि चार वर्षांच्या फोनाला १०० टक्के दिसत असेल तर उलट जास्त चौकशी करा. सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी दिसते, आयओएस १५.२ पासून, त्यात बॅटरी बदललीय का आणि अस्सल आहे का ते कळतं. फोन एकदा उघडला की आयपी६८ वर विसंबू नका, पाणी आत जाऊ न देणारा चिकटपट्टा परत तितकाच नीट बसला असेल याची खात्री नसते, आणि न उघडताही तो वर्षांनी सैल पडतोच.

अँड्रॉइडवाल्यांना हा आकडा बहुतेक फोनांत सहज दिसत नाही, तिथे विकणाऱ्याकडून बॅटरी किती वेळ टिकते ते ऐकून न घेता स्वतः अर्धा तास व्हिडिओ चालवून किती टक्के उतरते ते बघा. पिक्सेल ६ए स्वस्तात दिसला तर एक गोष्ट लक्षात ठेवा, जुलै २०२५ मध्ये गूगलने त्याला सक्तीचा अपडेट दिला ज्याने त्यातल्या काही फोनांत ४०० चार्जनंतर बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला जातो. कॅमेरा छान आहे त्याचा, पण तेवढ्यासाठी तो घेऊ नका.

प्रश्न: वापरलेला फोन हातात आल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

उत्तर: सगळ्यात आधी लॉक. विकणाऱ्याला तुमच्यासमोर स्वतःच्या अकाउंटमधून लॉगआउट करायला लावा, फोन रिसेट करायला लावा आणि तो परत सुरू होऊन पहिल्या पानावर आला, जुन्या मालकाचा आयडी मागितला नाही, तरच पैसे द्या. रिसेट नंतर करून देतो म्हणाला तर तिथूनच परत या. मग स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून येणारा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळतोय का बघा.

मग स्वतःचं सिम घालून एक कॉल लावा, स्पीकरवर आणि कानाला लावून दोन्ही, आणि समोरच्याला आवाज कसा येतो ते विचारा. फोन दुसऱ्या देशातून आलेला असेल तर तुमच्या कंपनीचे ५जी बँड त्यात आहेत का आणि ४जी वरून कॉल लागतो का हे बघणं फार गरजेचं, कारण हे नंतर दुरुस्त होत नाही. अमोलेड स्क्रीन असेल तर पूर्ण पांढरं आणि मग करडं चित्र उघडा, कीबोर्डच्या किंवा वरच्या पट्टीच्या जागी सावली दिसली तर स्क्रीन जळलेली आहे, आणि हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ दिसली तर कितीही स्वस्त असला तरी नको. सॅमसंगमध्ये स्टार हॅश शून्य स्टार हॅश डायल केलं की स्क्रीन, टच, स्पीकर, कॅमेरा सगळं तपासायचं पान उघडतं. चार्जरची पिन लावून थोडी हलवून बघा, चार्जिंग तुटतंय का. सगळे कॅमेरे एकेक करून, मागचे पुढचे, आणि झूम केल्यावर कर्कश आवाज किंवा थरथर येतेय का. शेवटी अबाउट फोनमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख वाचा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवा अपडेट मागितला तर काही नाही म्हणत असेल, तर त्या फोनची मुदत संपलेली आहे, मग तो कधीकाळी किती महाग होता याला काही अर्थ नाही.

प्रश्न: माझ्याकडेच तीन वर्षांपूर्वीचा फ्लॅगशिप आहे. अडकत अडकत चालतो, चार्ज दुपारपर्यंतच टिकतो. कंटाळलोय. तो देऊन नवा बजेट फोन घेऊ का, निदान नवा तरी असेल?

उत्तर: आत्ता नको. तुम्ही जे सांगताय ती दोन्ही लक्षणं दमलेल्या बॅटरीची असू शकतात, बॅटरी दमली की फोन मध्येच बंद पडू नये म्हणून काही फोन स्वतःचा वेग कमी करतात. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून अस्सल बॅटरी बसवून घ्या, आणि स्टोरेज किमान पंधरा-वीस टक्के रिकामं करा, व्हॉट्सअ‍ॅपमधले वर्षानुवर्षांचे व्हिडिओ काढले तरी पुष्कळ जागा होते. तुम्हाला चांगल्या स्क्रीनची, कॅमेऱ्याची सवय झालीय, बजेट फोन हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते खटकायला लागेल, आणि मग परत बदलावासा वाटेल, म्हणजे दोनदा खर्च. तेवढं एक बघून घ्या की तुमच्या मॉडेलचे सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत आहेत, कंपनीच्या साइटवर यादी असते. दोन वर्षं शिल्लक असतील तर डोळे झाकून बॅटरी बदला. सहा महिनेच उरले असतील तर मात्र बॅटरीवर पैसे घालू नका, आणि मग वरच्या पहिल्या उत्तरातले एस२३ आणि पिक्सेल ८ बघायला लागा.